जोडीचा पट्टा

कुत्र्याचे नाव फार लांबलचक असू नये, तसेच ते दोन अक्षरांहून तोकडेही असू नये, म्हणजे हाक कानी पडताच तो तत्काळ हुकमात येतो, असा उपदेश कोलुमेला नामक रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या कृषिविषयक ग्रंथात लिहून ठेवला आहे. आणि त्याच्याही पूर्वी सुमारे चारशे वर्षे झेनोफन या ग्रीक सेनानीने मृगयेवरील आपल्या प्रबंधात शिकारी कुत्र्यांसाठी नावांची जी भली मोठी यादी दिली आहे तिच्यातील नावेही अशीच आखूड, एका दमात उच्चारता येतील अशी आहेत. या दोघांचे ग्रंथ ज्याच्या सात पिढ्यांत कोणी पाहिले नाहीत अशा माणदेशातील धनगरानेही आपल्या कुत्र्यांना वाघ्या, मोत्या, खंड्या, काळ्या अशीच नावे ठेवावीत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. रानात दूरवर गेलेल्या जनावरापर्यंत जे पोचवायचे ते आवाजाच्याच वाटेने पोचवायचे, ही गरज टायबरच्या काठी आणि माणगंगेच्या काठी सारखीच होती. जवळ बोलवायचे तर ‘यू यू’, अंगावर सोडायचे तर ‘छू’, हाकलायचे तर ‘हाड्’, मेंढरे वळवायची तर शीळ, आणि साहेबाच्या शिकारीत तांब्याचे शिंग. माणसाने कुत्र्यावर आजवर जी हुकूमत चालवली तिचा बहुतेक सारा कारभार असा ध्वनीच्या द्वारे होत आला आहे.

मग ज्याच्या कानांपर्यंत जन्मापासून काहीच पोचत नाही, आणि ज्याच्या डोळ्यांनाही हाताच्या अंतरापलीकडे छायेखेरीज काही दिसत नाही, अशा पिल्लाची या कारभारात वर्णी कशी लागावी? पूर्वीच्या श्वानविषयक ग्रंथांत याचे उत्तर सापडत नाही. कोणते पिल्लू ठेवावे, त्याची छाती कशी असावी, शेपटी कशी असावी, याची बारीकसारीक चिकित्सा करणारे ग्रंथकार न ठेवलेल्या पिल्लांविषयी मौन पाळतात. त्या मौनाचा अर्थ ज्याने खेड्यात कुत्री व्यालेली पाहिली आहे त्याला सांगावा लागत नाही. युरोपातील कुत्रेपाळांच्या अंगणात या कामासाठी पाण्याची बादली असे, आणि तिच्यात जे बुडवले जाई त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नसे.

या मौनाला एक फार जुना आणि आमच्या मुंबईशी नाते असलेला अपवाद आहे. पारशी लोकांच्या धर्मग्रंथांपैकी ‘वेंदिदाद’ या ग्रंथाचे तेरावे प्रकरण जवळजवळ संपूर्णपणे कुत्र्याला वाहिलेले आहे. कुत्र्याला मारणाऱ्यास किंवा निकृष्ट अन्न घालणाऱ्यास कोणता दंड, त्याच्या स्वभावात पुरोहितापासून चोरापर्यंत आणि योद्ध्यापासून बालकापर्यंत कोणाकोणाचे गुण एकवटले आहेत, याचे मोठे रसाळ विवेचन तेथे आहे; परंतु आपल्या विषयाला जवळचा भाग निराळाच आहे. घरातील कुत्र्याची वास घेण्याची शक्तीच हरपली असेल तर गृहस्थाने काय करावे, असा प्रश्न तेथे विचारला आहे आणि उत्तर असे दिले आहे की, श्रद्धावान माणसाला औषधोपचार करावा तसाच त्याला करावा. गुण आला नाही तर त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा घालून त्याला बांधून ठेवावे, कारण तसे न केल्यास तो खड्ड्यात, विहिरीत, कड्यावरून किंवा कालव्यात पडेल, आणि पडून त्याला इजा झाली तर त्या पातकाचे धनी घरचे लोक होतील. इंद्रिय गमावलेल्या कुत्र्याच्या जिवाची जबाबदारी धन्यावर टाकणारा याहून जुना कायदा माझ्या वाचनात नाही. बांधून ठेवणे हा उपाय आज आपल्याला कठोर वाटेल. पण त्यामागे दिलेले कारण पाहावे. ही विहिरीची आणि कड्याची भीती आजही अंध कुत्रा पाळणाऱ्याला पहिल्या दिवशी भेडसावते, आणि तो घराला कुंपण घालतो ते त्याच कारणाने.

ज्या समाजाच्या धर्मात कुत्र्याला हे स्थान, त्याने १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईत काय केले हे प्रसिद्ध आहे. बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस; त्या लोभाने शिपायांनी घराच्या ओट्यांवरचीही कुत्री उचलण्यास आरंभ केला, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात सामील झाले, आणि किल्ल्यातल्या साहेबलोकांच्या पाव-मटणाची त्या दिवशी पंचाईत झाली. कंपनी सरकारच्या मुंबईतील ती पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एक होय, आणि तिचे कारण कर किंवा वतन नसून कुत्रे होते.

मराठेशाहीत कुत्र्याचा मोठा मान झाला तो शाहू महाराजांच्या खंड्याचा. शिकारीत वाघापासून आपला जीव वाचवल्याबद्दल महाराजांनी त्याला जहागिरीची सनद करून दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा तर त्याला जरीवस्त्रे आणि अलंकार चढवून स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवून दरबार भरवला, ही हकीकत मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने दिली आहे. संगम माहुलीला त्याचे स्मारकही आहे. मात्र हा मान पराक्रमाचा होता. ज्याच्या हातून काहीच घडण्याजोगे नाही अशा श्वानाला सनद देण्याचा प्रसंग कोणत्याही दरबारात आला नाही.

आता ज्या पिल्लाविषयी हे सारे चालले आहे ते निपजते कसे, याचा इतिहास पाहू. आणि तो पाहताना माणसाची फारशी शोभा होत नाही. कोलुमेलाने नावाविषयी सांगितले तसेच रंगाविषयीही सांगितले आहे: मेंढपाळाचा कुत्रा पांढरा असावा, म्हणजे पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात लांडग्यावर उगारलेला सोटा चुकून त्याच्यावर पडत नाही. येथवर रंगाची निवड व्यवहारातून झालेली होती, आणि पांढरा कुत्रा म्हणजे बहिरा कुत्रा असे समीकरणही नाही. परंतु १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये त्याच देशात केनेल क्लब स्थापन झाला, आणि राखणीसाठी, शिकारीसाठी पाळले जाणारे जनावर पाहता पाहता चषकांसाठी पाळले जाऊ लागले. कॉली जातीच्या मेंढपाळी कुत्र्यांत एक निळसर राखाडी, त्यावर काळे अनियमित शिंतोडे असलेला रंग अधूनमधून उमटत असे. त्याला इंग्रजीत ‘मर्ल’ म्हणतात. आर्कराइटसारख्या शौकिनांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रंग मुद्दाम जोपासला आणि पुढे तो अनेक जातींचे भूषण ठरला. रंग खरोखरच देखणा आहे, यात शंका नाही. अडचण अशी की तो देणारा गुणघटक पिल्लाला आईबापांपैकी एकाकडून मिळाला तर पिल्लू देखणे होते, आणि दोघांकडून मिळाला तर ते बहुतांशी पांढरे निपजते, त्याचे डोळे पुष्कळदा आकाराने लहान, बाहुल्या सरकलेल्या, आणि कान कधी अधू तर कधी अगदी निकामी. असे दोन ‘मर्ल’ एकत्र आणले तर मेंडेलच्या नियमाप्रमाणे सरासरीने चारांतले एक पिल्लू या दुहेरी वारशाचे होते. निळ्या पिल्लांची संख्या वाढावी या लोभाने हे संकर कित्येक दशके जाणूनबुजून होत राहिले.

रंगाचा आणि कानाचा हा संबंध विद्वानांना पूर्वीपासून खुणावत होता. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरे बहुधा बहिरी असतात, असे डार्विनने नमूद केले आहे. राविट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८९६ साली निळ्या डोळ्यांच्या एका पांढऱ्या कुत्र्याच्या कानाची आणि मेंदूची सूक्ष्म तपासणी प्रसिद्ध केली. कॉलीच्या रंगांचा आनुवंशिक अभ्यास १९३५ मध्ये अमेरिकेत छापला गेला, आणि या रंगाबरोबर डोळ्यांत कोणकोणती वैगुण्ये येतात हे सॉर्सबी आणि डेव्ही या दोघांनी १९५४ मध्ये मांडले. म्हणजे अज्ञानाची सबब फार तर तोपर्यंतच चालण्यासारखी होती. खुद्द गुणघटकाचा ठावठिकाणा टेक्सासमधील क्लार्क, मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लावला. पुढे १५३ मर्ल कुत्र्यांच्या कानांची विद्युत्-यंत्राने परीक्षा झाली, तीत दुहेरी वारशाच्या कुत्र्यांपैकी शेकडा १५ दोन्ही कानांनी आणि शेकडा १० एका कानाने बहिरे आढळले. याची यंत्रणा समजण्यास कठीण नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी गर्भात शरीरभर पसरतात तशा त्या आतल्या कानातही जातात, आणि तेथील द्रवाचे संतुलन राखण्याचे काम करतात. त्या तेथे पोचल्याच नाहीत तर ध्वनी टिपणाऱ्या पेशी मरून जातात. पिल्लाचे कान जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हा नाश होतो. जग ऐकू येऊ लागते न लागते तोच ते बंद होते. इंग्लंडच्या केनेल क्लबने दोन मर्लांच्या पिल्लांची नोंदणी नाकारण्याचा नियम केला तो २०१३ पासून.

दरम्यान अशा पिल्लांचे करावे काय, हा प्रश्न क्लबांनी सोपा करून टाकला होता. डाल्मेशियन या ठिपकेदार जातीत बहिरेपणा फार. अमेरिकेत तपासलेल्यांपैकी सुमारे शेकडा ८ दोन्ही कानांनी बहिरे निघाले. त्या जातीच्या तेथील मुख्य मंडळाची भूमिका, पूर्ण बहिरे पिल्लू वेदनारहित रीतीने संपवावे, अशी होती. कारण दिले जाई ते असे की बहिरा कुत्रा दचकतो, दचकून चावतो, वाहनाखाली जातो. कारण सर्वस्वी खोटे नाही, पण त्यात एक सोय दडलेली आहे: पिल्लू उरले नाही की ते निपजवणाऱ्या संकराचा दाखलाही उरत नाही.

या पिल्लांच्या बाबतीत एक गोष्ट कुत्रेपाळांना पिढ्यान् पिढ्या चकवीत आली आहे. भावंडांच्या गर्दीत असेपर्यंत बहिरे पिल्लू ओळखूच येत नाही. ताटली वाजली की भावंडे उठतात, त्यांच्या हालचालीने, अंगाच्या धक्क्याने तेही उठते. भावंडे दाराकडे पळतात, त्यांच्या मागोमाग तेही पळते. आणि धनी खूश होतो की सारीच पिल्ले तल्लख आहेत. आठ आठवड्यांनी ते एकटे नव्या घरी गेले म्हणजे हाक मारूनही उठत नाही, इतर पिल्ले वेळीच ओरडून सांगत असत ती चावण्याची मर्यादा त्याला कळत नाही, आणि मग नवा धनी तक्रार घेऊन येतो. या तक्रारीत दोष शोधणाऱ्यांना दोष दिसला. पण दोन-दोन महिने ज्याचे बहिरेपण दुसऱ्या कुत्र्यांच्या सोबतीने झाकले जाऊ शकते, त्याला जन्मभर तशी सोबत दिली तर, हा उलटा विचार त्यात दडलेला होता. आणि त्या विचाराला लागणारे साहित्य इंग्लंडातील शिकारखान्यांच्या भिंतीवर खुंटीला टांगलेलेच होते.

कोल्ह्याच्या शिकारीसाठी बाळगल्या जाणाऱ्या हाउंड कुत्र्यांची मोजदाद आजही डोक्यांनी होत नाही, जोड्यांनी होते. पस्तीस कुत्रे असले तर साडेसतरा जोड्या. ही मोजणी ज्या वस्तूवरून आली ती म्हणजे जोडीचा पट्टा: चामड्याचे दोन पट्टे, मध्ये वीतभर लोखंडी कडी, आणि कडीला मध्यभागी फिरकी, म्हणजे दोघांपैकी एकाने गिरकी घेतली तरी दुसऱ्याचा गळा आवळत नाही. नवी पिल्ले काही महिने आसपासच्या शेतकऱ्यांकडे वाढवायला दिलेली असत. ती परत आली की प्रत्येक उनाड पिल्लाला एका मुरलेल्या, शांत डोक्याच्या कुत्र्याशी या पट्ट्याने जोडून रोज रस्त्याने हिंडवीत. पिल्लू मेंढी पाहून उसळी घेई, म्हातारा जागचा हलत नसे, आणि पट्ट्याची जी ओढ बसे तिच्यात सारा पाठ आलेला असे. शिकारखान्याच्या चाकराने चाबूक ओढून जे साधले नसते ते हा वृद्ध शिक्षक केवळ सरळ चालून साधत असे. पीटर बेकफर्डने १७८१ मध्ये लिहिलेल्या पत्ररूप ग्रंथापासून पुढे या विद्येचे बरेच वाङ्मय झाले, आणि साहेबांबरोबर ही कुत्री उटकमंडच्या टेकड्यांवर कोल्ह्यांमागे धावायला आली तेव्हा त्यांचे जोडपट्टेही बोटीतून आले. हा पट्टा डोळ्यांच्या आणि कानांच्या मध्यस्थीवाचून शिकवतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो बनवणाऱ्यांच्या मनात अंध किंवा बहिरे पिल्लू कधीच नव्हते.

सोबतीने शिकवण्याची ही रीत केवळ साहेबांची आहे असे मुळीच नाही. फलटणकडचे हटकर धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जातात, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतात आणि त्या खताच्या मोबदल्यात धान्य घेतात. त्या वाटेवर घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात कोंबड्या, करडे आणि कुत्रीची पिल्लेही असतात, आणि ती पिल्ले मेंढवाड्याभोवती रात्री कोणत्या बाजूला बसायचे हे थोरल्या कुत्र्यांच्या अंगाला अंग लावून शिकतात. निराळा धडा असा कोणी देत नाही. डार्विनने दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेच्या माळांवर तर याहून अद्भुत प्रकार पाहिला: तेथे पिल्लाला अगदी लहानपणी आईपासून काढून, दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून तिचे दूध पाजीत, मेंढवाड्यात लोकरीची गादी करून त्यात निजवीत, आणि इतर कुत्र्यांशी मिसळू देत नसत, असा वाढलेला कुत्रा कळपाला आपले भाऊबंद मानून त्यांचे रक्षण करी. पुढे शास्त्रज्ञांनी या अनुभवावर मोहोर उठवली. १९७७ मध्ये ॲडलर दांपत्याने डॅक्सहुंड पिल्लांपुढे फीत ओढून खाद्याची छोटी गाडी जवळ आणण्याचे कोडे ठेवले. भावंडाला ते करताना ज्यांनी पाहिले होते त्यांनी ते कितीतरी कमी वेळात सोडवले. दक्षिण आफ्रिकेतील पोलिसांकडे १९९७ मध्ये असे आढळले की मादक द्रव्ये हुडकणाऱ्या आईचे काम पिल्लूपणी पाहत वाढलेली अल्सेशियन पिल्ले सहाव्या महिन्यात त्याच कामात इतरांहून सरस ठरतात.

जोडी मिळाली, आता माणसाच्या आज्ञेचा प्रश्न. आवाजावाचून हुकूम कसा द्यावा ही कलाही बहिऱ्या कुत्र्याकरिता जन्मलेली नाही, तिचे माहेर ज्या धंद्यांना शांतता लागे त्या धंद्यांत आहे. मूकपटांच्या काळात कुत्र्याचा शिक्षक कॅमेऱ्यामागून खुशाल ओरडत असे. १९२७ नंतर बोलपट आले आणि त्याचा प्रत्येक शब्द ध्वनिपट्टीवर उमटू लागला. हॉलिवूडमधील कार्ल स्पिट्झ या जर्मन शिक्षकाने त्या अडचणीत हाताच्या खुणांची पद्धत बांधली आणि १९३९ च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’ मधील टोटोचे काम त्याच्या टेरी नावाच्या कुत्रीने अशा मुक्या आज्ञांवर केले. त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि त्याचे शिष्य ब्रेलँड दांपत्य यांनी दुसरा सांधा जुळवला: जनावराने हवी ती गोष्ट केली त्याच क्षणी एक ठरावीक इशारा द्यावा आणि इशाऱ्यापाठोपाठ घास द्यावा, म्हणजे मारझोड लागत नाही. स्किनरने १९५१ मध्ये लिहिलेल्या लेखात या इशाऱ्यासाठी पोरांच्या खेळातले टक् वाजणारे पत्र्याचे खेळणे सुचवले होते. हवाईत डॉल्फिन शिकवताना कॅरेन प्रायर यांनी हीच रीत वापरली, कारण पाण्यातल्या प्राण्याला ना साखळी बांधता येते ना चापट मारता येते. इशारा ध्वनीचाच असला पाहिजे असे या शास्त्रात कोठेही नाही. उंचावलेला अंगठा चालतो, विजेरीचा उजेड चालतो, खांद्याला झालेला बोटाचा स्पर्शही चालतो.

हे सारे धागे एकत्र आले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. तत्पूर्वी अपवाद नव्हते असे नाही: न्यू जर्सीतील सनीबँक येथे कॉली कुत्र्यांवर कथा लिहिणारे आल्बर्ट पेसन टरहून यांच्याकडे फेअर एलन नावाची जन्मांध कुत्री इतर कॉलींच्या कळपात वाढली, आणि आपल्या आनंदी स्वभावाने त्यांच्या लेखनाचा विषय झाली. पण अपवादावरून रीत बनत नाही. बहिरा कुत्रा कसा पाळावा हे सांगणारे सुझन बेकर यांचे पुस्तक १९९७ मध्ये आणि अंध कुत्र्याविषयीचे कॅरोलाइन लेव्हिन यांचे १९९८ मध्ये निघाले, तेव्हा कोठे ज्यांच्या घरी असे पिल्लू आहे त्यांच्या हाती काही लिखित आधार आला.

या रीतीचा आरंभ झोपेपासून होतो. बहिरे आणि अधू नजरेचे पिल्लू गाढ झोपलेले असताना त्याला एकाएकी हात लावला तर ते दचकून तोंड टाकते, आणि क्लबांना जी भीती होती ती खरी ठरते. म्हणून हात आधी नाकापुढे धरायचा. हाताचा वास झोपेतही त्याच्यापर्यंत पोचतो, नाकपुड्या हलू लागतात. मग खांद्याला हलका स्पर्श, आणि डोळा उघडताच तोंडाशी घास. दिवसातून अनेक वेळा, घरातल्या प्रत्येक माणसाने, न चुकता. होता होता अशी वेळ येते की अवचित झालेल्या स्पर्शालाही ते शेपटी हलवून उत्तर देते. पुढचे पाठ याच जातीचे. थोडी नजर असेल तर खुणा मोठ्या, जवळून आणि उजेडाकडे तोंड करून द्यायच्या. नजर नसेल तर त्याच खुणा अंगावर उतरवायच्या, जसे पाठीच्या मागल्या टोकाला बोट टेकले की बसणे, खांद्यावरून पायाकडे हात फिरला की आडवे होणे. फरशीवर पाय आपटला तर तिची कंपने पंजांना कळतात. मातीच्या अंगणात ती युक्ती फुकट. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी काथ्याची चटई अंथरली की तो खडबडीतपणा पंजांना पुढचा उतार सांगतो. घरातले सामान हलवायचे नाही, हा नियम कुत्र्याहून घरच्या बायकामाणसांना जड जातो.

दुसऱ्या कुत्र्याचे काम येथे सुरू होते. तो शांत, वयाने मोठा आणि पोरांची धसमुसळ सोसणारा असावा. जुन्या शिकारखान्याने जोडीसाठी जी निवड केली असती तीच. निव्वळ अंध कुत्र्यासाठी या सोबत्याच्या गळ्यात घुंगरू बांधतात. बहिऱ्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून सोबत्याच्या पट्ट्याला एखादा सौम्य, ओळखीचा वास लावतात. पिल्लू त्या वासामागे अंगणात जाते, पाण्याच्या भांड्यापर्यंत जाते, आणि कोणी दारात आले तर सोबत्याच्या ताठरलेल्या कुशीवरून त्याला ते समजते. फिरायला नेताना काहीजण तो जुना जोडपट्टा वापरतात, पण निराळ्या उंचीच्या कुत्र्यांना तो जाचतो, आणि भीतीच्या क्षणी दोघेही एकमेकांत अडकतात. दोन वेगळ्या दोऱ्या आणि मोकळे अंतर हेच बरे. खेळात तर तो मुळीच घालू नये. खेळताना डोळस कुत्रा खेळाचे आमंत्रण पुढचे पाय टेकून, ढुंगण वर करून देतो, आणि थांबण्याचा इशारा गुरगुरून. यातले दुसरे बहिऱ्याला ऐकू येत नाही, पहिले धूसर दिसते. पहिले काही आठवडे माणसाने मध्ये असावे लागते. पुढे डोळस सोबती स्वतःच वाट काढतो असे अनुभवी पाळणारे सांगतात: तो गुरगुरणे सोडून खांदा आडवा घालतो, किंवा पिल्लाची मान पंजाने दाबून धरतो.

या सोबतीला एक खोटही आहे. सगळे काही सोबत्यामागे जाऊन होऊ लागले की पिल्लू माणसाचा स्पर्श वाचण्याची तसदी घेत नाही, आणि सोबती दवाखान्यात गेला त्या दिवशी दारात बसून राहते. म्हणून रोज थोडा वेळ दोघांना निरनिराळ्या खोल्यांत शिकवण्याचा परिपाठ सुज्ञ लोक ठेवतात. खुणा मात्र दोघांना त्याच शिकवतात, कारण ज्याला ऐकू येते तोही हाताकडे पाहतो तेव्हाच धाकट्याला हाताकडे वळण्याचे वळण लागते. या शिकवणीचा दुसरा लाभ थोरल्याच्या पदरी उशिरा पडतो. कुत्री म्हातारपणी बहुधा बहिरी होतात, मोतीबिंदूही धरतात. दहा-बारा वर्षांच्या थोरल्याला हाक ऐकू येईनाशी झाली की एरवी घरचे लोक तो हट्टी झाला असे समजतात. या घरात तसे होत नाही. धाकट्यासाठी शिकलेल्या खुणा त्याला ठाऊक असतात, नाकापुढे आलेला हात ओळखीचा असतो, आणि नवीन काही न शिकता तो धाकट्याच्याच रीतीने दिनक्रम चालू ठेवतो.